डोलारे हाजीर हो

कूलर घरघरतो आहे आणि वैजयंती बिराजदारच्या कानात एक मेलेली बाई हसते आहे.

उन्हाळ्याची टळटळीत दुपार. सोलापूरचं ऊन असं की ग्रंथालयामागच्या या खोलीचं लोखंडी कपाटसुद्धा हाताला चटका देतं. पूर्वी इथे निकालांचे जुने खंड ठेवायचे. आता टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला आवाज घुमू नये म्हणून लावलेल्या सतरंज्या आणि मधोमध रेकॉर्डर. न्यायप्रभा विधी महाविद्यालयाचा अमृतमहोत्सव आहे, आणि कॉलेजचा इतिहास माजी विद्यार्थ्यांच्या तोंडून टिपून ठेवायचं काम वर्षभर वैजयंतीच्या गळ्यात आहे. ती इथे पुरावा कायदा शिकवते. निवृत्त न्यायाधीश, सरकारी वकील, नोटरी, एक माजी आमदार, सगळे या समोरच्या खुर्चीत बसून गेले. कँटीनच्या भज्यांबद्दल सगळेच बोलले.

त्या मुलाखतींतून फिल्म तयार झाली आहे. राहिलं आहे ते फक्त निवेदन. तेही वैजयंतीनंच करायचं, तिचा आवाज चांगला आहे म्हणून. संध्याकाळी स्टुडिओ घेतलेला आहे. प्राचार्य हेरवाडे सर स्वतः गाडी घेऊन येणार आहेत. तोवर थोडं पडावं, तर डोळा लागत नाही. म्हणून तिनं हेडफोन चढवलेत आणि पुन्हा तेच ऐकत बसली आहे.

"ते मोफत सल्ला केंद्र कॉलेजनं काढलं म्हणून सांगता ना तुम्ही लोक?" अ‍ॅडव्होकेट नरसम्मा येमूल कानात म्हणतात आणि हसतात. "त्याचं सांगायचंय मला. आणि डोलारेचं. पण आज नको. घरी लोणचं घालायला बसलेत. मी नसले की मीठ कमी घालतात."

सगळं कोर्ट त्यांना अक्का म्हणायचं. साखर पेठेतल्या विणकराच्या घरातली मुलगी, तेलुगू बोलत वाढलेली, मराठीत वकिली केलेली. आयुष्यभर गिरणीतल्या, मागावरच्या, विड्या वळणाऱ्या माणसांचे खटले लढली. दोन बैठका झाल्या आणि तिसरीच्या आधी अक्का गेल्या. झोपेतच गेल्या.

डोलारे कोण, हे वैजयंतीनं नंतर बऱ्याच जणांना विचारलं. न्यायाधीश म्हणाले, "होता असा कुणीतरी." सरकारी वकिलांनी चहा मागवला. हेरवाडे सर म्हणाले, "मॅडम, यादीतल्या सगळ्यांच्या मुलाखती झाल्या ना? मग झालं तर. वाक्य आहे तसं राहू द्या."

वाक्य असं आहे: महाविद्यालयानं गोरगरिबांसाठी मोफत कायदेशीर सल्ला केंद्र सुरू केलं.

ती पुन्हा मागे नेते. पुन्हा लावते. मी नसले की मीठ कमी घालतात. पुन्हा मागे. मान खुर्चीच्या पाठीला टेकते. मीठ कमी घालतात. कूलरचं पाणी कुठेतरी टपटपतं. मीठ कमी.

"आणि मोहरी जास्त," अक्का म्हणतात. "तो कूलर इकडे फिरव की गं. सगळा वारा तूच घेतेस."

हे रेकॉर्डिंगमध्ये नाही.

वैजयंती डोळे उघडते. समोरच्या खुर्चीत अक्का बसल्या आहेत. पांढरी सुती साडी, वर काळा कोट, कपाळावर मोठं कुंकू. पायातल्या चपला काढून त्यांनी पाय खुर्चीवर घेतले आहेत, नेहमी घ्यायच्या तसे.

"अक्का, तुम्ही..."

"होय की. गेले मी. तू आलीसच होतीस पोचवायला. उन्हात उभी होतीस, मला बरं वाटलं नाही. डोक्यावर पदर तरी घ्यायचास."

वैजयंतीला भीती वाटत नाही, घाई होते. बाई आल्या आहेत, बसल्या आहेत, गाडी यायच्या आत सगळं बोलून घ्यायला हवं. ती रेकॉर्डरचं बटण दाबते. लाल दिवा लागत नाही. पुन्हा दाबते.

"अक्का, आधी नाव सांगा. पूर्ण नाव."

"तुला ठाऊक नाही?"

"रेकॉर्डसाठी."

"रेकॉर्डसाठी!" अक्का चपला शोधत उठतात. "चल, इथं नको. माझी तारीख आहे. पुकारा व्हायचा."

"कसली तारीख? अक्का, थांबा ना. पाचच मिनिटं."

पण अक्का दार उघडून गेल्यासुद्धा. वैजयंती रेकॉर्डर उचलते आणि मागे धावते. हेडफोन अजून गळ्यात आहेत, त्यांची वायर मागे फरफटते आहे.

दाराबाहेर ग्रंथालय नाही. जिल्हा कोर्टाचा लांब व्हरांडा आहे, पण त्यात बाकं कॉलेजच्या वर्गातली आहेत. बाकांवर कोरलेली नावं आहेत. तिनं ज्यांच्या मुलाखती घेतल्या ते सगळे दाटीवाटीनं बसले आहेत. न्यायाधीश, नोटरी, आमदार. कुणीही तिच्याकडे बघत नाही. प्रत्येकाच्या हातात कागदाची पुडी आहे आणि सगळे भजी खात आहेत.

"जरा सरका," अक्का त्यांना म्हणतात. कुणी सरकत नाही. अक्का उभ्याच राहतात.

व्हरांड्याच्या टोकाला पट्टेवाला येतो. छाती भरून श्वास घेतो.

"डोलारे! गोविंद डोलारे, हाजीर हो!"

बाकांवरची तोंडं हलायची थांबतात. मग पुन्हा हलू लागतात.

"गोविंद डोलारे, हाजीर हो!"

वैजयंती व्हरांडाभर बघते. कुणी उठत नाही. पट्टेवाला तिसऱ्यांदा पुकारतो, त्याचा आवाज छताला लागून खाली पडतो, आणि तो आत निघून जातो.

"रोजचंच आहे हे," अक्का म्हणतात. "पुकारतात आणि गैरहजर लिहितात."

"मग ते येत का नाहीत?"

"समन्स कुणी दिलं त्याला?" अक्का तिच्याकडे रोखून बघतात. कोर्टात साक्षीदाराकडे बघायच्या तसं. "तू दिलंस?"

"माझ्या यादीत ते नव्हते, अक्का. माजी विद्यार्थ्यांची यादी होती. पदवी घेतलेल्यांची."

"हां."

एवढंच म्हणतात आणि चालू लागतात. कुठूनतरी गाडीचा हॉर्न वाजतो. हेरवाडे सर आले. तिला जायला हवं, आणि तिला जायचं नाही. "अक्का, सांगून टाका ना! काय केलं होतं त्यांनी? पदवीधरांच्या यादीत का नाहीत ते?"

हॉर्न थांबत नाही. तो लांबतो, जाड होतो, आणि गिरणीचा भोंगा होतो.

भोंग्यासरशी व्हरांड्याच्या भिंती खडखडायला लागतात. ती भिंत नाहीच, मागांची रांग आहे. साखर पेठेतली शेड. धोटे इकडून तिकडे फेकले जाताहेत, हवेत कापसाचं तूस तरंगतं आहे, आणि कोपऱ्यात एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आहे. तिची बोटं एवढी झरझर चालताहेत की दिसतच नाहीत. ती मान वर करून वैजयंतीकडे बघते आणि तेलुगूत काहीतरी म्हणते.

"माझी आई," अक्का म्हणतात. "बस म्हणते."

अक्कांचे केस काळे झाले आहेत. कोट नाही. दोन वेण्या, छातीशी धरलेलं जाडजूड पुस्तक. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. वैजयंतीला वाटतं, आता हिला तू म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही.

"अक्का, डोलारे!"

"काय?"

"डोलारेंचं सांगा!"

ती मुलगी सांगू लागते. ओठ हलतात. हात हलतात. पण मागांच्या खडखडाटात एक अक्षर ऐकू येत नाही. वैजयंती रेकॉर्डर तिच्या तोंडाशी धरते आणि दिवा लागला का बघते. दिवा नाही. ती रेकॉर्डर उघडते, तर आत बॅटरीच्या जागी तूस भरलेलं आहे, पांढरं, मऊ. ती ते बोटांनी उपसते. जितकं उपसावं तितकं येतं.

"ऐकू येत नाही!" वैजयंती ओरडते.

मुलगी बोलतेच आहे.

"अक्का, मोठ्यानं! मला ऐकू येत नाही!"

आयुष्यात ती एवढ्या मोठ्यानं कधी ओरडली नव्हती. गळ्याच्या शिरा ताणतात. मध्येच धोटा अडतो, माग क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात एक तुकडा कानावर पडतो, "...आंब्याच्या खोक्याचं टेबल केलं त्यानं..." की पुन्हा खडखड. ती पुन्हा ओरडते. "...मी तेलुगूतून विचारायची, तो मराठीत लिहायचा..." खडखड. "...मिलचे मालक आपल्या संस्थेतच ना गं, ट्रस्टी..." खडखड, खडखड. वैजयंती ओरडत राहते. कोपऱ्यातली आई विडीचा दोरा दातांनी तोडते आणि हसते.

मग माग एकदम थांबतात. सगळेच.

त्या शांततेत त्या दोघी इंद्रायणी मिलच्या दारात उभ्या आहेत. टाळेबंदीचं कुलूप लागलेलं आहे. दाराशी माणसांची झुंबड आहे, आणि मधे खरंच आंब्याचं खोकं पालथं घातलेलं आहे. त्याच्यामागे एक उंच पोरगा पाठमोरा बसला आहे. मान खाली, लिहितो आहे. शर्ट पाठीवर घामानं चिकटला आहे.

"हेच ते?" वैजयंती विचारते.

"हेच केंद्र," अक्का म्हणतात. त्या पुन्हा म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि दमल्या आहेत. "कॉलेज सुटलं की आम्ही इथं. पहिल्या दिवशी कुणी येईना. म्हणाले, पोरंटोरं काय कायदा सांगणार. मग यानं एका जॉबरला, मागांवरच्या मुकादमाला, त्याची अडकलेली रजा मिळवून दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून ही गर्दी."

"मग?"

"मग काय? बोलावलं संस्थेनं. माफी लिहून दे म्हणाले. नाही दिली. नाव काढून टाकलं त्याचं."

"आणि तुम्ही?"

पाठमोरा पोरगा लिहायचं थांबतो, पण वळत नाही.

"मी त्याच्याबरोबर निघाले होते. हाच म्हणाला, येमूल, तू परीक्षा दे. दोघांपैकी एकाकडे तरी सनद पाहिजे, नाहीतर ह्या लोकांचं कोर्टात कोण बोलणार? मी दिली. पास झाले. पेढे वाटले आईनं." त्या पदरानं चेहरा पुसतात. "पुढं केंद्राचं नाव झालं, बक्षीस मिळालं, तेव्हा कॉलेजनं पाटी लावली. चांगली आहे पाटी. पितळी."

वैजयंती गर्दीत घुसते. त्या पोराचा चेहरा तिला बघायचाच आहे. खांदे लागतात, कोपरं लागतात, कुणी तरी तिची वायर ओढतं. ती त्याच्या अगदी मागे पोचते, हात पुढे करते, आणि मिलचं दार करकरत उघडतं. आत मिल नाही. आत अमृतमहोत्सवाचा मांडव आहे, खुर्च्यांना पांढरे कपडे घातले आहेत, पडद्यावर फिल्म चालू झाली आहे.

उशीर झाला. तिच्याशिवायच सुरू झालं.

पडद्यावर कॉलेजची इमारत येते, खाली सनईचे सूर, आणि एक गोड, ठाशीव आवाज बोलू लागतो. "महाविद्यालयानं गोरगरिबांसाठी मोफत कायदेशीर सल्ला केंद्र सुरू केलं..."

टाळ्या. व्हरांड्यातली ती सगळी मंडळी टाळ्या वाजवताहेत.

पहिल्या रांगेत अक्का एकट्याच बसल्या आहेत, पाय खुर्चीवर घेऊन. त्या वळून विचारतात, "हा आवाज कुणाचा गं?"

"माझा."

"छान आहे." उलटतपासणीत पहिला प्रश्न असाच सोपा विचारायच्या त्या. "हे तू पाहिलंस का?"

"नाही."

"ज्यानं पाहिलं त्याच्याकडून ऐकलंस?"

"नाही... म्हणजे, आत्ता तुमच्याकडून ऐकलं, अक्का."

"माझ्याकडून!" अक्का एवढ्या हसतात की त्यांना ठसका लागतो. "मुलांना काय शिकवतेस तू वर्गात? मेलेली बाई स्वप्नात येऊन बोलली, हे कुठल्या कोर्टात चालवशील? हेरवाडे तुला वेड्यात काढेल, आणि त्याचं काही चुकणार नाही."

"मग मी काय करू? तुम्ही गेलात. मी कुणाला विचारू?"

"मलाच विचारत बसलीस तर असाच खडखडाट ऐकू येणार." अक्का खुर्चीवरून उतरतात, चपला पायात सरकवतात. "माझ्या शोकसभेला आला होता की तो. मागं, दाराशी. उंच, पांढरी दाढी. कुणी बस म्हटलं नाही, म्हणून उभाच राहिला."

वैजयंतीला तो दिसतो. खराच दिसतो, कारण खरंच पाहिला होता तिनं. बार रूमच्या दाराला टेकलेला म्हातारा. कुणीतरी कुजबुजलं होतं, हा डोलारे, पण ती स्टेजवरची भाषणं रेकॉर्ड करण्यात गुंतली होती, ते नाव कानावरून नुसतं गेलं.

"अक्का, तुम्हाला काय हवं होतं? त्या तिसऱ्या बैठकीत शेवटी काय म्हणणार होतात?"

पण अक्का मांडवाच्या दाराशी पोचल्या आहेत. बाहेर ऊन एवढं आहे की त्यांची साडी त्यात दिसेनाशी होते.

"लोणच्याला बघते," त्यांचा आवाज येतो. "तू ओरडू नको आता. ऐकू येतंय मला."

वैजयंती ओरडतेच. पूर्ण ताकदीनं, त्यांचं नाव घेऊन.

"मॅडम? बिराजदार मॅडम!"

हेरवाडे सर दारात उभे आहेत. हातात गाडीची किल्ली, कपाळावर घाम. "केव्हाचा हॉर्न वाजवतोय मी. स्टुडिओवाले थांबलेत."

खोली तीच आहे. सतरंज्या, कपाट, कूलर. रेकॉर्डर टेबलावर बंद पडून आहे, तिनं तो चालू केलाच नव्हता. समोरची खुर्ची रिकामी आहे. वैजयंती हेडफोन काढते, उठते आणि म्हणते, "सर, निघू या." म्हणजे तसं म्हणायला जाते.

आवाज येत नाही.

ती खाकरते. पुन्हा बोलते. घशातून फाटक्या कापडासारखी खरखर निघते, आणि आत असं सोलवटल्यासारखं दुखतं की डोळ्यांत पाणी येतं.

"अहो, काय झालं? सकाळी तर ठणठणीत होतात. प्राध्यापकांच्या बैठकीत बोललात की एवढं."

ती पाणी पिते. काही फरक पडत नाही. हेरवाडे सर तिच्याकडे बघत राहतात. "ओरडत होतात की काय? बाहेर तर काही ऐकू आलं नाही."

वैजयंती मान हलवते. हो की नाही, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"ठीक आहे, ठीक आहे. निवेदन दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. देशपांडे मॅडमना फोन लावतो."

"नको," ती कुजबुजते. त्यांना ऐकायला जवळ यावं लागतं. "सर, ते केंद्राचं वाक्य मी बोलणार नाही. कुणालाच बोलू देऊ नका."

"का? काय चुकलंय त्यात?"

तिच्याकडे उत्तर आहे, आणि ते देता येण्यासारखं नाही. ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून लिहिणाऱ्या कितीतरी मुलांचे गुण तिनं आजवर कापले आहेत. "चुकलंय असं अजून म्हणत नाही," ती घशावर हात ठेवून म्हणते. "पण एका माणसाला आपण विचारलेलं नाही. विचारल्याशिवाय फिल्म पुरी करायची नाही. मी माझं नाव लावणार नाही त्याला."

"यादीतले सगळे झाले, मॅडम."

"यादी आपण केली होती, सर."

हेरवाडे सर किल्ली या हातातून त्या हातात घेतात. चिडले आहेत, पण तिच्या त्या चिरफाळलेल्या आवाजाशी भांडण कसं करायचं, ते त्यांना कळत नाही. "संस्थेला मी काय सांगू?"

"निवेदिकेचा घसा बसला, असं सांगा. खोटं नाही ते."

ते जातात. गाडी फाटकाबाहेर पडल्याचा आवाज येतो. वैजयंती अक्कांच्या भाचीला फोन लावते, सरोजाला. सरोजा दोनदा विचारते, कोण बोलतंय. मग म्हणते, "गोविंदमामांचा नंबर? आहे की. अक्कलकोटला असतात, मुलीकडं. दर दिवाळीला अक्काला फोन असायचा त्यांचा."

ऊन कलायला लागलं आहे. ती नंबर लावते. बराच वेळ वाजतो. ठेवून द्यावा असं तिला वाटतं, एकदा नाही, अनेकदा.

"हॅलो?" म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मागे कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज.

"डोलारे साहेब?"

"कोण? मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

ती सगळा जोर लावते. "न्यायप्रभा लॉ कॉलेजमधून बोलते आहे. वैजयंती बिराजदार. तुमची मुलाखत घ्यायची आहे."

पलीकडे भांड्यांचा आवाजच तेवढा येत राहतो.

"बाई, मी पास झालेलो नाही तिथून," तो माणूस शेवटी म्हणतो. "चुकून लागलाय तुमचा फोन."

"चुकून नाही."

भांडी थांबतात. त्यानं कुणाला तरी हातानं खूण केली असावी.

"येमूलनं सांगितलं का तुम्हाला?"

काय सांगावं? वैजयंती फोन कानाशी घट्ट धरते. घसा आतून पेटल्यासारखा झाला आहे. "सांगणार होत्या," ती म्हणते. "राहून गेलं."

"हं. घसा फार बसलाय तुमचा."

"हो. मी उद्या आले तर चालेल का? मला फारसं बोलता येणार नाही."

"या की," गोविंद डोलारे म्हणतात. "तुम्ही कशाला बोलताय? बोलायचंय ते मला."